कधी पान वाळतं, कधी हिरवंच राहतं: बेंथामियानावर एचआर न येण्याचं कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. प्रतिकारक जनुक आणि ते ज्याला ओळखतं तो रोगकारकाचा इफेक्टर (हल्ल्यासाठी सोडलेलं त्याचं प्रथिन), दोन्ही ॲग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत जनुक पोचवणाऱ्या जिवाणूमार्फत निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या भावंडाच्या पानात एकत्र सोडले. पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी तेवढाच भाग मलूल पडला आणि मग कागदासारखा वाळला. रोगकारक ओळखल्यावर झाड त्या जागच्या पेशी मारतं ती अतिसंवेदनशील प्रतिक्रिया, म्हणजे आपला नेहमीचा एचआर, अगदी हवा तसा. पुढच्या खेपेला त्याच ग्लिसरॉल स्टॉकमधून कल्चर लावलं, पद्धतही तीच, आणि पान पाचव्या दिवशीही हिरवंगार. त्यानंतरच्या खेपेला काही झाडांवर पिवळसर छटा, काहींवर काहीच नाही. इथे बहुतेक जण क्लोनवर, म्हणजे जनुक बसवलेल्या डीएनएवर, संशय घेतात, नवा क्लोन बनवायला बसतात आणि महिना घालवतात.

माझं मत याच्या उलट आहे. सीक्वेन्स बरोबर असेल आणि एकदा जरी कंट्रोलसकट स्वच्छ एचआर आला असेल, तर क्लोन चालतो हे ठरलंय. खेपेगणिक बदलतात ती झाडं, जिवाणूंची अवस्था आणि खोलीचं तापमान. त्यामुळे शोध तिथून सुरू करावा. आणि कुठे शोधायचं हे पानच सांगतं, फक्त त्यावर योग्य ठिपके ठेवलेले असले पाहिजेत.

एकाच पानावर पाच ठिपके

रिकामा व्हेक्टर (जनुक न बसवलेला वाहक डीएनए), नुसतं प्रतिकारक जनुक, नुसता इफेक्टर, दोन्ही एकत्र, आणि पाचवा ठिपका हमखास चालणाऱ्या जोडीचा. ही पाचवी जागा लोक वाचवायला बघतात, आणि नेमकी तिच्यामुळेच पुढचा सगळा गोंधळ टळतो. बटाट्याचं आर३ए आणि फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सचा एव्हीआर३ए ही जोडी यासाठी उत्तम. मात्र एव्हीआर३एची दोन रूपं आहेत. ८०व्या जागी लायसिन आणि १०३व्या जागी आयसोल्युसिन असलेलं रूप आर३ए जोरात ओळखतं. त्या जागी ग्लुटामेट आणि मेथिओनिन असलेलं रूप त्याच्या नजरेतून जवळपास निसटतं. फ्रीझरमधल्या नळीवर नुसतं ‘एव्हीआर३ए’ लिहिलेलं असेल, तर आतलं रूप कुठलं हे आधी तपासा. नाहीतर कंट्रोलच चालत नाही असं वाटत राहील.

आता वाचन. हमखास जोडीही गप्प राहिली, तर तुमच्या जनुकाबद्दल या पानावरून काहीच बोलता येत नाही. दोष झाडात, जिवाणूंत किंवा तापमानात आहे. हमखास जोडी वाळली आणि फक्त तुमची जोडी हिरवी राहिली, तर प्रथिन बनतंय का आणि त्याला लागणारे जोडीदार पानात आहेत का, हे पाहायचं. नुसत्या प्रतिकारक जनुकाच्या ठिपक्यावर पेशी मेल्या, तर ते आपोआप सक्रिय होतंय, बहुधा गरजेपेक्षा जास्त बनतंय. नुसत्या इफेक्टरने पेशी मेल्या, तर बेंथामियानाकडे स्वतःचंच एखादं जनुक त्याला ओळखणारं असू शकतं. झँथोमोनासच्या एक्सओपीक्यूचं असंच आहे. बेंथामियानातलं आरओक्यू१ त्याला पकडतं, आणि मग तुम्ही सोडलेल्या जनुकाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. अशा वेळी आरओक्यू१ नसलेली बेंथामियाना वापरण्याला पर्याय नाही.

रिकाम्या व्हेक्टरचा ठिपकाही पिवळा पडत असेल, तर जिवाणू फार दाट झालेत, किंवा झाड आधीच त्रासलेलं आहे. तिथे दुरुस्ती केल्याशिवाय पुढचं काही मोजू नये.

तापमान आणि झाड

खेपेगणिक निकाल बदलण्याचं सर्वात मोठं कारण माझ्या मते हेच आहे, आणि सर्वात कमी लक्ष यालाच मिळतं.

तापमान दोन ठिकाणी घाव घालतं. पहिला घाव ॲग्रोबॅक्टेरियमवर, म्हणजे ॲग्रोवर. कल्चर आपण २८ अंश सेल्सिअसला वाढवतो, त्यामुळे २८ अंश ही ॲग्रोची आवडती अवस्था असं मनात बसतं. वाढीसाठी ते खरं आहे. पण टी-डीएनए (आपलं जनुक असलेला तुकडा) वनस्पतीच्या पेशीत पाठवण्यासाठी लागणारी व्हीआयआर प्रथिनांची यंत्रणा २० ते २२ अंशांच्या आसपास सर्वात नीट चालते, आणि तापमान २८च्या वर गेलं की ती ढेपाळते. दुसरा घाव प्रतिकारक प्रथिनांवर. तंबाखूचं एन जनुक हे याचं जुनं आणि पक्कं उदाहरण. हे जनुक १९९४ मध्ये क्लोन झालं, पण त्याची उष्णतेची भीती त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. २८ अंशांच्या वर ते टोबॅको मोझॅक विषाणूला अडवू शकत नाही आणि विषाणू झाडभर पसरतो. झाड पुन्हा थंड जागी आणलं, की जिथे जिथे विषाणू पोहोचलाय तिथे तिथे पेशी एकदम मरतात. बऱ्याच एनएलआर प्रथिनांचं (पेशीच्या आत इफेक्टर ओळखणाऱ्या प्रतिकारक प्रथिनांचं) वागणं थोड्याफार फरकाने असंच असतं.

म्हणून इन्फिल्ट्रेशननंतरचे, म्हणजे जिवाणूंचा द्रव पानात भरल्यानंतरचे, पहिले दोन-तीन दिवस झाडं २० ते २३ अंशांत ठेवा. आणि हे तापमान खोलीच्या भिंतीवरच्या आकड्यावरून ठरवू नका. दिव्यांखालच्या रॅकमध्ये पानाच्या उंचीवर छोटा थर्मामीटर टांगा. वरच्या फळीवर दिवे जवळ असतात, आणि भिंतीवरचा आकडा व पानाजवळचा आकडा यांत चार-पाच अंशांची तफावत निघणं अजिबात दुर्मीळ नाही. एका खेपेला ट्रे खालच्या फळीवर आणि दुसऱ्या खेपेला वरच्या फळीवर ठेवला गेला, एवढ्यावरही सगळा निकाल फिरू शकतो.

झाडाचं वय. चार ते पाच आठवड्यांची, कळी न धरलेली झाडं घ्या. फुलोरा दिसायला लागला की अभिव्यक्ती आणि एचआर दोन्ही मंदावतात. त्या झाडांवर केलेला प्रयोग मी तरी निकाल म्हणून धरणार नाही. वरून पूर्ण उघडलेली कोवळी दोन-तीन पानं निवडा. अगदी टोकाच्या न उघडलेल्या पानात द्रव शिरत नाही आणि खालची जुनी पानं आधीच पिवळी पडायच्या वाटेवर असतात. पानाची जागा बदलली की एचआरचा वेग बदलतो, म्हणून तुलना करायच्या जोड्या नेहमी एकाच पानावर ठेवा, आणि कुठला ठिपका देठाकडे, कुठला टोकाकडे हे झाडागणिक बदलत राहा.

इन्फिल्ट्रेशन करताना हातालाच बरंच कळतं. आदल्या दिवशी पाणी घातलेलं, दिव्याखाली दोन-तीन तास उभं राहिलेलं झाड असेल, तर त्याची पर्णरंध्रं उघडी असतात. पानाच्या खालच्या बाजूला सुईविना सिरिंजचं तोंड टेकवायचं, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि दट्ट्या हलकेच ढकलायचा. ओला, गडद हिरवा डाग शिरेपर्यंत सरकत जातो. त्याची कड लगेच मार्करने आखून घ्या, कारण काही तासांत पाणी उडून जातं आणि डाग दिसेनासा होतो. जोर लावावा लागत असेल, तर झाड तहानलेलं आहे किंवा त्याची रंध्रं बंद आहेत. जोराने घुसवलेल्या जागी सिरिंजच्या तोंडाएवढी गोल जखम राहते, दोन दिवसांनी ती तपकिरी होते आणि घाईत तिची नोंद एचआर म्हणून होते. खरा पेशीमृत्यू आखलेल्या कडेपर्यंत पसरतो, त्या छोट्या वर्तुळात अडकून राहत नाही.

जिवाणू

प्लेट जुनी असेल तर नव्याने स्ट्रीक करा. फ्रिजमध्ये कित्येक आठवडे पडलेल्या प्लेटवरून थेट कल्चर लावणं हे अनियमित निकालांचं नेहमीचं मूळ आहे. रात्रभर वाढलेलं कल्चर सकाळी फारच दाट झालं असेल, तर ते पातळ करून पुन्हा दोन-तीन तास वाढू द्या. थकलेल्या पेशींपेक्षा वाढीच्या भरातल्या पेशी चांगलं काम करतात.

अँटिबायोटिकचा हिशेब स्ट्रेनगणिक वेगळा असतो. जीव्ही३१०१ रिफॅम्पिसिन आणि जेंटामायसिनला दाद देत नाही. एजीएल१ मुळातच कार्बेनिसिलिनला (ॲम्पिसिलिनच्याच जातीच्या औषधाला) दाद देत नाही, त्यामुळे तुमच्या प्लाझ्मिडवर निवडीसाठी फक्त ॲम्पिसिलिनचं जनुक असेल, तर प्लेटवर उगवलेल्या वसाहतींत प्लाझ्मिड आहे याची काहीच खात्री नाही. पी-ग्रीन घराण्यातले व्हेक्टर ॲग्रोमध्ये टिकायला पी-सूप हा मदतनीस प्लाझ्मिड लागतो. तो नसलेल्या स्ट्रेनमध्ये हे व्हेक्टर तग धरत नाहीत. शंका आली तर ॲग्रोमधून प्लाझ्मिड काढून ई. कोलायमध्ये घाला, तिथून मिनिप्रेप करून रिस्ट्रिक्शन डायजेस्ट चालवा. लांब एनएलआर जनुकांचे तुकडे गळण्याचा प्रकार यातच पकडला जातो. ॲग्रोमधून थेट काढलेला डीएनए इतका थोडा आणि मळका असतो की त्याच्या जेलवरून निष्कर्ष काढू नये.

इन्फिल्ट्रेशन बफर साधा आहे: १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस, पीएच ५.६, आणि १०० ते २०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन. पीएच थोडं आम्लाकडे असणं गरजेचं आहे, कारण व्हीआयआर जनुकं जागी होण्यासाठी आम्लता आणि ॲसिटोसिरिंगोन दोन्ही लागतात. ॲसिटोसिरिंगोनचा स्टॉक डीएमएसओमध्ये करून लहान नळ्यांत, अंधारात, गोठवून ठेवावा आणि तो बफरमध्ये ऐन वेळी घालावा. बाटलीभर बफरमध्ये आधीच मिसळून आठवडेच्या आठवडे वापरत राहिलात, तर निकाल हळूहळू फिके पडत जातात आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. कल्चरमधलं माध्यम आणि अँटिबायोटिक पूर्ण काढून टाका, पेलेट बफरमध्ये हलक्या हाताने विरघळवा आणि दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला ठेवून मग वापरा.

पुढची चूक मात्र गणिताची आहे आणि ती सर्रास होते. समजा प्रतिकारक जनुकाचं कल्चर ६०० नॅनोमीटरला ०.४ ओडीचं (ओडी म्हणजे कल्चरच्या दाटपणाचं माप), इफेक्टरचं ०.४ आणि अभिव्यक्ती टिकवणाऱ्या पी१९ या विषाणू-प्रथिनाचं ०.४ केलं आणि तिन्ही समान घेऊन मिसळलं. आता पानात प्रत्येकाची ओडी ०.४ राहिलेली नाही, ती ०.१३ झाली. शेजारच्या ठिपक्यात दोनच कल्चर मिसळली असतील, तर तिथे प्रत्येक ०.२. म्हणजे तुम्ही जनुकांची नाही, मात्रांची तुलना करताय. प्रत्येक कल्चर मिश्रणात हव्या असलेल्या ओडीच्या तिप्पट दाट करा, आणि ज्या ठिपक्यात एखादा घटक नाही तिथे तेवढाच रिकाम्या व्हेक्टरचा ॲग्रो घाला. सगळ्या ठिपक्यांत जिवाणूंची एकूण संख्या सारखी राहिली पाहिजे. एकूण ओडी १च्या वर नेण्याची गरज सहसा पडत नाही. आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर १च्या पुढचा आकडा दिसला, तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजा. दाट कल्चरची ओडी यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाखवतं.

प्रथिन बनतंय का?

हमखास जोडी वाळतेय आणि तुमची नाही, मग ब्लॉट (प्रथिनाचा पट्टा दाखवणारी चाचणी) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘एचआर आला नाही, म्हणजे ओळख नाही’ हे वाक्य ब्लॉटशिवाय लिहिलेलं दिसलं, की मला फार वाईट वाटतं. इफेक्टर ओळखलाच जात नाही, आणि इफेक्टर बनलाच नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक फक्त ब्लॉटवर दिसतो.

नमुना ३६ ते ४८ तासांच्या दरम्यान, पेशी मरायच्या आधी घ्या. मेलेल्या पानातून प्रथिन मिळत नाही, त्यामुळे सर्वात जोरदार चालणाऱ्या जोडीचाच पट्टा ब्लॉटवर गायब, असा उलटा देखावा दिसतो. त्यावर चांगला उपाय म्हणजे एनएलआरच्या पी-लूपमधलं (एटीपी धरणाऱ्या भागातलं) लायसिन आर्जिनिनने बदललेलं निष्क्रिय रूप सोबत लावणं. ते पेशी मारत नाही आणि प्रथिन साचतं का हे कळतं.

टॅग (ब्लॉटवर प्रथिन ओळखण्यासाठी जोडलेला तुकडा) कुठे लावलाय हे पाहा. २०१९ मध्ये झार१ या एनएलआरच्या रेझिस्टोसोमची (सक्रिय झाल्यावर बनणाऱ्या संकुलाची) रचना समोर आली, तेव्हा दिसलं की सीसी प्रकारच्या एनएलआरचं पहिलंच हेलिक्स बाहेर येऊन पेशीपटलाकडे वळतं. त्या टोकाला जीएफपीसारखा मोठा टॅग बसवला तर प्रथिन ब्लॉटवर छान दिसेल आणि काम मात्र करणार नाही. काही इफेक्टरचंही तसंच. स्यूडोमोनासचा एव्हीआर-पीटीओ आपल्या एन-टोकाला मिरिस्टिक आम्ल जोडून घेऊन पटलाला चिकटतो. तिथे टॅग लावलात तर तो चिकटणारच नाही. पेशीच्या आत ओळखला जाणारा इफेक्टर सिग्नल पेप्टाइडशिवाय (प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणाऱ्या तुकड्याशिवाय) क्लोन करायचा. पेशीबाहेर ओळखला जाणारा असेल तर उलट, स्रावाचा पेप्टाइड असायलाच हवा.

३५एस हा जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) वापरूनही पट्टा फिका दिसत असेल, तर आरएनए सायलेन्सिंगचा विचार करा. पानातली अभिव्यक्ती दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि मग झाड तिला दाबायला लागतं. टोमॅटो बुशी स्टंट विषाणूचं पी१९ सोबत घातलं की ही दडपणी बरीच लांबते. पण पी१९ मोफत मिळत नाही. प्रथिनाचं प्रमाण इतकं वाढतं की एरवी शांत असणारं प्रतिकारक जनुकही एकट्याने पेशी मारायला लागतं. मी आधी पी१९शिवाय करून बघेन, आणि गरज पडली तरच ते सगळ्या ठिपक्यांत सारखंच घालेन.

जोडीदार नसेल तर

प्रथिन भरपूर बनतंय, इफेक्टरही बनतोय, तापमान बरोबर आहे, तरीही पान हिरवं. मग हा बिघाड नाही, जीवशास्त्र आहे. सोलॅनेसी कुळातल्या कित्येक एनएलआरना एनआरसी२, एनआरसी३ किंवा एनआरसी४ यांसारखे मदतनीस लागतात. आरपीआय-बीएलबी२ला एनआरसी४ लागतं. हे मदतनीस बेंथामियानात आहेत, म्हणूनच बटाटा-टोमॅटोची जनुकं तिथे इतकी सुरळीत चालतात. दूरच्या कुळातून जनुक आणलं की ही हमी संपते. काही चालतात. गव्हाचं एसआर३५ आपल्या इफेक्टरसोबत बेंथामियानात नीट एचआर देतं. काही जोडीनेच काम करतात. भाताचं पिक-१ एकटं घातलं तर काही होणार नाही, पिक-२ सोबत हवंच.

भाताच्या आरजीए४ आणि आरजीए५ची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण ती ठिपके वाचायला शिकवते. बेंथामियानात आरजीए४ एकटं सोडलं तर पेशी मरतात. सोबत आरजीए५ घातलं तर मरत नाहीत, कारण आरजीए५ त्याला आवरून धरतं. त्या दोघांसोबत करप्याच्या बुरशीचा एव्हीआर-पिया घातला की आवर सुटतो आणि पेशी पुन्हा मरतात. पहिला ठिपका पाहून कुणी ‘आपोआप सक्रिय होतंय, क्लोन खराब’ म्हणून सोडून दिलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

मोजणी

डोळ्यांनी ‘आला, नाही आला’ एवढं लिहून भागत नाही. पिवळेपणा म्हणजे एचआर नाही. शून्य ते सहा अशी श्रेणी ठरवा, प्रत्येक पायरीचा फोटो भिंतीवर लावा, आणि कुठल्या ठिपक्यात काय आहे हे ज्याला माहीत नाही अशा सहकाऱ्याकडून गुण द्यायला लावा. अतिनील प्रकाशात मेलेल्या पेशींची स्वयंदीप्ती दिसते, त्यामुळे डोळ्यांना शंकास्पद वाटणारे ठिपकेही वेगळे करता येतात. सांख्यिकी करताना एकक झाड आहे, ठिपका नाही. एका झाडावरचे आठ ठिपके म्हणजे आठ पुनरावृत्ती नव्हेत, आणि पुढची खेप वेगळ्या दिवशी पेरलेल्या झाडांवर, नव्याने लावलेल्या कल्चरने झाली पाहिजे.

इन्फिल्ट्रेट केलेल्या पानावर नंतर रोगकारक सोडणार असाल, तर ॲग्रो स्वतःच पानाच्या बचावयंत्रणेत ढवळाढवळ करतो हे धरून चला. एका अर्ध्या पानावर रिकामा व्हेक्टर, दुसऱ्या अर्ध्यावर तुमचं जनुक, आणि साधारण एक दिवसानंतर दोन्हीकडे रोगकारक, अशी तुलना त्याच पानात ठेवा. विषाणूंवर काम असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बेंथामियाना वाणात आरडीआर१ हे जनुक मोडलेलं आहे. ती विषाणूंना एवढी सहज बळी पडते त्याचं हे एक कारण आहे, म्हणून तिच्यावर दिसलेला प्रतिकार दुसऱ्या पिकात तसाच दिसेल असं गृहीत धरू नका.

आणि बेंथामियानात काही केल्या जमलंच नाही, तर पद्धत बदला. अराबिडॉप्सिसच्या पानात ॲग्रो सहसा नीट चालत नाही, कारण तिथला ईएफआर हा ग्राहक ॲग्रोचं ईएफ-टीयू प्रथिन ओळखून बचाव जागा करतो. ईएफआर नसलेल्या म्युटंटमध्ये अभिव्यक्ती सुधारते. गहू, भात, बार्लीसाठी प्रोटोप्लास्ट (भित्तिका काढलेल्या पेशी) घ्या. पीईजी या रसायनाच्या मदतीने प्रतिकारक जनुक, इफेक्टर आणि चमक देणारं लुसिफरेज एकत्र आत सोडा. ज्या पेशी मरतात त्यांची चमक जाते. इथे तुलना मात्र रिकाम्या व्हेक्टरशी करून थांबू नका, कारण काही इफेक्टर पेशी न मारताही चमक कमी करतात. इफेक्टर आणि रिकामा व्हेक्टर एकत्र घातलेली नळी, प्रतिकारक जनुक आणि रिकामा व्हेक्टर एकत्र घातलेली नळी, या दोन्ही प्रत्येक खेपेत हव्यात. डीएनएचं एकूण प्रमाणही सगळ्या नळ्यांत सारखंच ठेवायचं.